लॅपटॉपचा स्क्रीन पारखताना: मित्रास पत्र

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. लग्नाच्या अल्बमचे काम आता लॅपटॉपवर करायचे ठरवलेस, हे उत्तम केलेस. मात्र तू पाठवलेल्या यादीत प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांची बारीकसारीक माहिती आहे आणि स्क्रीनपुढे 'फुल एचडी' (म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या) एवढेच लिहिलेले आहे. तुझ्या धंद्यात तीच बाजू सर्वांत महत्त्वाची; कारण मधोमध तू बसणार, शेजारी वधूची आई आणि पाठीमागे उभा वराचा मामा, आणि या तिघांनाही हळदीचा पिवळा एकसारखाच दिसायला हवा.

स्वस्त लॅपटॉपांत अजूनही कधीकधी टीएन जातीचे (द्रवस्फटिक पडद्याचा जुना, स्वस्त प्रकार) पॅनेल असते. ते कडेने पाहिले तर एक वेळ चालून जाते, पण खालून पाहिले की गडद भाग उजळ आणि उजळ भाग काळपट होऊ लागतो, तर वरून पाहिल्यावर सगळे चित्र फिकट पडते. आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनेलमध्ये, जे हिताचीने १९९६ च्या सुमारास पुढे आणले, द्रवस्फटिकाचे रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, आणि त्यामुळे बघणाऱ्याने जागा बदलली तरी रंग फारसे बदलत नाहीत. तुला किमान हे हवेच. जाहिरातीत '१७८ अंश' असा आकडा दिसला तरी त्यावर विसंबू नकोस. समोरून साधारण १०००:१ असलेला कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे गुणोत्तर) ज्या कोनात घसरून १०:१ वर येतो, तो कोन बहुधा हा आकडा सांगतो. तिथून शालूचा रंग खरा दिसतो की नाही, याविषयी तो काहीच बोलत नाही.

दुसरी गोष्ट रंगांच्या व्याप्तीची, आणि इथेच ग्राहक सर्वाधिक फसतो. आयपीएस असूनही तपशीलपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' (टीव्हीच्या जुन्या रंगमानकाशी केलेली तुलना) लिहिलेले असेल, तर तो स्क्रीन एसआरजीबीच्या, म्हणजे संगणकावरच्या फोटोंसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण रंगसंचाच्या, जेमतेम दोन तृतीयांश रंग दाखवतो. अशा स्क्रीनवर लाल शालू विटकरी वाटतो, तू तो दुरुस्त करायला लाल वाढवतोस, आणि छापून आलेल्या अल्बममध्ये तो अंगावर येतो. तेव्हा 'शंभर टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी' (दोन्हींचा अर्थ जवळपास एकच) असे लिहिलेले असल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. त्यासाठी रॅम थोडी कमी घ्यावी लागली तरी माझ्या मते सौदा फायद्याचा आहे, अर्थात ती नंतर वाढवता येणारी असेल तर. उजेडाचे म्हणशील तर २५० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचे एकक) खिडकीजवळ अपुरे पडतात. ३०० वर घरात भागते, ४०० असतील तर निश्चिंत.

ओएलईडी या तिसऱ्या जातीच्या स्क्रीनचा मोह तुला होणारच. त्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाश देत असल्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि कडेनेही चित्र टवटवीत राहते, फक्त फार तिरके पाहिल्यास पांढऱ्यावर हलकी छटा येते. पण संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या पट्ट्या रोज तासन् तास एकाच जागी स्थिर राहिल्या तर काही वर्षांत त्यांचा ठसा उमटण्याचा धोका असतो, शिवाय उजेड कमी केल्यावर अनेक ओएलईडी स्क्रीन सूक्ष्म लुकलुकतात आणि काहींचे डोळे त्याने दुखतात. तुझी अर्धशिशी लक्षात घेता मी तुला चांगला आयपीएसच सुचवीन.

दुकानात जाताना तुझे छापून झालेले एखादे पान आणि त्याचीच फाइल पेनड्राइव्हवर ने. उजेड पूर्ण वाढवून दोन्ही शेजारी ठेव, मग झाकण हळूहळू मागेपुढे कलव आणि गुडघ्यांवर बसून खालूनही पाहा. विक्रेता हसला तर हसू दे. चकचकीत काचेवर दुकानातल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब किती पडते, तेही त्याच वेळी कळेल. मात्र मांडून ठेवलेला लॅपटॉप आणि खोक्यातून मिळणारा लॅपटॉप यांचे नाव एकच असले तरी पॅनेल वेगळे असू शकते, म्हणून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पडताळल्याशिवाय पैसे देऊ नकोस. काही ठिकाणी टीएनला सरळ टीएन न म्हणता 'एसव्हीए' असे लिहितात, तेवढे लक्षात असू दे.

दोन-तीन मॉडेल निवडलीस की त्यांचे पूर्ण क्रमांक मला कळव. त्यांची तपशीलपत्रके मी तपासून ठेवीन. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश