नोटा तर चालत्यात की!

सांगली
२ मार्च २०२५

प्रिय विन्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, त्यात निम्मा गेला. दुसऱ्यांदा नीट कळला, पण फोन केला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आज रविवार आहे, उद्यापासून मार्चअखेरची फरफट सुरू होईल, तेव्हा आजच लिहून टाकतो.

२१ फेब्रुवारीला बायबिट या आभासी नाण्यांच्या ऑनलाइन बाजारातून चोरांनी चार लाखांवर इथर पळवले. इथर म्हणजे बिटकॉइनसारखंच एक आभासी नाणं. दीड अब्ज डॉलर, म्हणजे आपले तेरा हजार कोटी. तू विचारतोस, एवढा दरोडा पडल्यावर ही नाणी जगणार कशी, आणि तुझ्या ओंकारने ॲपवरचं त्याचं बिटकॉइन आत्ताच सगळं विकून मोकळं व्हावं का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत रे, तू ते एकाच दावणीला बांधलेस. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाणं बहुतेक जगेल. दुसऱ्यासाठी मात्र आक्काआत्यापासून सुरुवात करावी लागेल.

आठवते ना आक्काआत्या? कॉलेजात असताना तिच्या घरी आपण भाकरीवर लोण्याचा गोळा घेऊन बसायचो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिची ठेव ज्या पतसंस्थेत होती तिचं शटर एका सकाळी अर्ध्यावर आलं ते वर गेलंच नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. मी पोचलो तेव्हा पाऊस होता, आणि ती दारासमोरच्या रांगेत धुतलेल्या दुधाच्या पिशवीत पासबुक गुंडाळून उभी होती. उसाच्या बिलाचे एक लाख चाळीस हजार होते तिचे. मला बघून रडली वगैरे नाही. म्हणाली, "तू हिशेबातला माणूस, सांग मला. नोटा तर बाजारात चालत्यात की रं, मग माझ्याच कुटं गेल्या?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी "बघतो, अर्ज करू" असं काहीतरी पुटपुटलो. पण तुझा प्रश्न तोच आहे, फक्त उलट्या टोकाकडून विचारलेला. रुपया धडधाकट होता आणि आत्या बुडाली होती.

आता टोकियो, तिथेही असंच एक शटर पडलं. माउंट गॉक्स या नावाने डोंगर डोळ्यांपुढे येतो, पण मुळात ते पत्त्यांच्या एका खेळाचे पत्ते ऑनलाइन विकायला घेतलेलं नाव होतं. जेड मॅकॅलेबने २०१० मध्ये त्याच नावाने बिटकॉइनचं एक्स्चेंज, म्हणजे खरेदी-विक्रीचं ऑनलाइन दुकान, काढलं आणि मार्च २०११ मध्ये ते मार्क कार्पेलेस या फ्रेंच गृहस्थाला देऊन टाकलं. हा टोकियोच्या शिबुया भागात बसून ते चालवायचा. पुढे एक वेळ अशी आली की जगातल्या बिटकॉइनच्या व्यवहारांपैकी सुमारे ७० टक्के याच एका दुकानातून होत.

जून २०११ मध्येच पहिला दणका बसला. चोराने कुणाच्या कॉम्प्युटरमधून वाट काढली असेल? त्यांच्या ऑडिटरच्या! हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग लगेच मी माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड बदलला. काही मिनिटांसाठी त्या एक्स्चेंजवर बिटकॉइनचा भाव एका सेंटवर आला. लोक घाबरले, तेव्हा कार्पेलेसने आधी जाहीर करून ४,२४,२४२ बिटकॉइन एका पत्त्यावरून (म्हणजे नाण्यांच्या खात्यावरून) दुसऱ्यावर हलवून दाखवली: बघा, माल आहे आमच्याकडे. आपल्याकडे अफवा उठली की चेअरमन काउंटरवर नोटांच्या थप्प्या मांडतो, तोच प्रकार. या थप्पीवर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. रोख दाखवली म्हणजे देणं किती ते कळत नाही, आणि संस्था बुडते ती देण्याने.

त्याच वर्षी कुणीतरी त्यांच्या वॉलेटच्या, म्हणजे डिजिटल पाकिटाच्या, किल्ल्यांची (नाणी हलवायला लागणाऱ्या गुप्त आकड्यांची) नक्कल केली आणि पुढची दोन वर्षं माल झिरपत राहिला. दोन वर्षं! साखळीवरची, म्हणजे बिटकॉइनच्या जाहीर वहीतली शिल्लक आणि त्यांच्या स्वतःच्या वहीतली शिल्लक समोरासमोर ठेवून कुणी ताळमेळ घातला असता, तर पहिल्या आठवड्यात सापडलं असतं. इकडे साहेब ऑफिसच्याच इमारतीत बिटकॉइन कॅफे काढायच्या तयारीत होते. मला चोरापेक्षा याच माणसाचा राग जास्त येतो, हे तुला पटणार नाही, पण माझा धंदा तसा आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी पैसे काढणं बंद केलं. लंडनहून एक गिऱ्हाईक थेट टोकियोला येऊन बर्फात त्यांच्या दाराशी 'आमचे पैसे कुठे आहेत' अशी पाटी धरून उभं राहिलं. तो फोटो पाहिला तेव्हा मला दुधाची पिशवी आठवली. २८ फेब्रुवारीला कंपनी कोर्टात गेली. साडेआठ लाख बिटकॉइन गेली होती, म्हणजे तोवर जन्माला आलेल्या एकूण नाण्यांतली जवळजवळ ७ टक्के. नंतर दोन लाख एका जुन्या वॉलेटमध्ये सापडली, आजीच्या ट्रंकेत पाटल्या सापडाव्यात तशी.

आणि नाणं? २०१३ च्या अखेरीस ते हजार डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१५ मध्ये दोनशेच्या खाली आलं. पुन्हा हजाराला पोचायला जानेवारी २०१७ उजाडला. मधल्या काळात, ऑगस्ट २०१६ मध्ये, बिटफिनेक्स या दुसऱ्या एक्स्चेंजमधून १,१९,७५६ बिटकॉइन गेली. त्यांनी तर सरसकट प्रत्येक खात्यातून ३६ टक्के कापून घेतले आणि बदल्यात एक टोकन, म्हणजे पुढे पैसे देऊ अशी डिजिटल चिठ्ठी, हातात ठेवलं. तेही नाण्याने पचवलं. आज, मार्च २०२५ मध्ये, ते ऐंशी हजार डॉलरच्या वर आहे.

का पचवलं, ते बघ. चोरी दुकानात झाली होती. बिटकॉइनची जी खरी वही आहे ती जगभर हजारो यंत्रांवर एकसारखी ठेवलेली असते, त्यातलं एक अक्षर कुणी खोडलं नव्हतं. त्या वहीच्या दृष्टीने चोरी घडलीच नाही. किल्ली होती, सही बरोबर होती, नाणी या पत्त्यावरून त्या पत्त्यावर गेली. कुणाची होती, आत्याची की चेअरमनची, हे तिला माहीत नसतं आणि विचारायची सोयही नसते. तुमच्या पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. तेव्हा रुपया टिकेल का, असं तुला क्षणभर तरी वाटलं का? तसंच हे. फरक एवढाच की कॉसमॉसने खातेदारांच्या पैशाला धक्का लागणार नाही असं सांगितलं आणि मागे रिझर्व्ह बँक होती. इथे मागे भिंतच नाही.

म्हणजे ज्या गुणामुळे नाणं वाचतं त्याच गुणामुळे गिऱ्हाईक मरतं. झालेला व्यवहार मागे फिरवता येत नाही. फिरवायचा म्हटला तर काय होतं तेही पाहून झालंय. जून २०१६ मध्ये इथरवर चालणाऱ्या 'द डाओ' नावाच्या सामायिक निधीतून ३६ लाख इथर कुणीतरी पळवले. एक्स्चेंज नव्हतं ते, पण पैसा लोकांचाच. महिनाभर वाद घालून जुलैत इथरवाल्यांनी वहीचं पानच बदललं आणि पैसे मूळ लोकांना परत केले. काही जणांनी ते मानलं नाही, जुनीच वही पुढे लिहीत राहिले, आणि एका नाण्याची दोन झाली. दुसरं आजही इथेरियम क्लासिक म्हणून चालतं. वाटणीचा दावा लागलेल्या घरासारखं. परवा बायबिटनंतरही 'फिरवा मागे' असा ओरडा झाला, पण आता त्या वहीवर इतक्यांचे इतके व्यवहार गुंतलेत की कुणी हात लावायला धजावलं नाही.

सगळीच नाणी जगतात असंही समजू नकोस. जानेवारी २०१८ मध्ये, परत टोकियोतच, कॉइनचेक एक्स्चेंजमधून नेम नावाच्या नाण्याची ५२ कोटी ३० लाख नगं गेली. सगळी एकाच, इंटरनेटला जोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवली होती. नेमवाल्यांनी वही बदलायला नकार दिला. चोरीच्या नाण्यांवर खूण करून पाठलाग केला आणि मार्चमध्ये तोही सोडला. एक्स्चेंजने मात्र स्वतःच्या खिशातून सुमारे २ लाख ६० हजार लोकांना नगामागे ८८.५४९ येन दिले, मग ते मोनेक्स या जपानी कंपनीने विकत घेतलं, आणि ते आजही चालू आहे. आणि नेम? तेव्हा डॉलरच्या आसपास होतं, आता दोन-चार सेंटही मिळत नाहीत. सगळा दोष चोरीचा नाही, त्या वर्षी सगळा बाजारच खाली आला. पण बिटकॉइनला परत उभं करायला माणसं होती, खाणवाले (यंत्रं चालवून नवी नाणी काढणारे) होते, ते वापरणारे वेडे होते. नेमकडे तेवढा गोतावळा नव्हता. दुकान वाचलं आणि माल विटला, असंही होतं.

गॉक्सच्या लोकांचं पुढे काय झालं ते ऐक, कारण ही गोष्ट मला अजून नीट पचलेली नाही. दिवाळखोरीच्या कायद्याने त्यांची देणी एका बिटकॉइनला ५०,०५८ येन, म्हणजे ४८३ डॉलरच्या आसपास, अशी गोठवली. मग भाव एवढा चढला की उरलेल्या नाण्यांतून सगळी देणी फिटून वर ढीग उरणार, आणि तो ढीग कायद्याने जाणार भागधारकाकडे, म्हणजे पुन्हा कार्पेलेसकडेच! त्याने नको म्हटलं. लोकांनी कोर्टात भांडून २०१८ मध्ये प्रकरण दुसऱ्या कायद्याखाली नेलं. कार्पेलेसला २०१९ मध्ये नोंदी फिरवल्याबद्दल शिक्षा झाली, तीही स्थगित; अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला. नाणी परत द्यायला सुरुवात झाली ती जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांनी. नाण्यांत मोजलं तर थोडीच परत आली, डॉलरमध्ये मोजलं तर गेली त्याच्या किती तरी पट. नाणं टिकलं म्हणून त्यांचं भलं झालं, हे खरंच आहे. पण आमच्या आत्याला दहा वर्षं नव्हती.

आता ओंकार. त्याच्या ॲपवर जे ०.०६ बिटकॉइन दिसतं ते बिटकॉइन नाही, पासबुकातली नोंद आहे. नाणी संस्थेच्या किल्लीखाली एका ढिगात असतात. किल्ल्या अनेकांकडे वाटल्यात म्हणून सुरक्षित, असं तो तुला सांगेल. आमच्याकडेही तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे, आणि दोघं रोज सकाळी एकत्र उभे राहून उघडतात. पण त्याच मॅनेजरपुढे संध्याकाळी व्हाउचरांचा गठ्ठा ठेव, तो वरचा कागद वाचतो आणि बाकीच्यांवर नुसती सही ठोकत जातो. गेल्या जुलैत मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून तेवीस कोटी डॉलर गेले ते असेच. तिथे सहापैकी चार सह्या लागायच्या. पडद्यावर दिसत होता एक व्यवहार, सही पडली दुसऱ्यावर. बायबिटलाही तेच झालं. वझीरएक्समागे उत्तर कोरिया असल्याचं जानेवारीत अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून सांगितलं, बायबिटबद्दल परवा एफबीआयनेही. एक सरकारच दरोडेखोर म्हटल्यावर आपल्या चार सह्यांची काय कथा!

बायबिटने मात्र पैसे काढणं बंद केलं नाही, रांग लागली ती भागवली, उसनवारी करून भागवली. तिथली माणसं सुटली. वझीरएक्सचे लोक मात्र मी हे लिहितोय तोवर तरी सिंगापूरच्या कोर्टाकडे डोळे लावून बसलेत. दोन्हीकडे चोरी तीच, पद्धत तीच आणि नाणीही टिकलेलीच.

तेव्हा ओंकारला विकायला लावू नकोस, ते त्याचं तो ठरवेल. मला भावातलं काही कळत नाही आणि तुलाही नाही. त्याला एवढंच सांग, आज रात्री थोडीशी नाणी त्या ॲपमधून काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये घेऊन बघ. निघाली तर मग उरलेल्यांचं बोलू. 'सध्या सुविधा उपलब्ध नाही' असं आलं तर मला लगेच फोन करायचा, रात्री कितीही वाजलेले असोत. आणि वॉलेट परत उघडायला लागणारे ते बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कागदावर लिहून ठेव म्हणावं. मोबाइलमध्ये फोटो नको आणि तुझ्या त्या विम्याच्या फायलीतही नको, तिच्यातलं काही सापडल्याचं मला आठवत नाही.

आत्याचे पैसे? अठ्ठावीस हजार मिळाले, चार हप्त्यांत. शेवटचा हप्ता तिच्यामागे मी जाऊन आणला. पासबुक अजून माझ्याकडे आहे, पिशवीसकट.

वहिनींना नमस्कार. पाडव्याला इकडे येणार म्हणाला होतास, ते नक्की आहे का तेवढं कळव, म्हणजे भडंगाचं सांगून ठेवतो.

तुझा,
बाळ्या