तुझ्या ड्रॉवरमधल्या चाकूबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. बैठकीच्या खोलीत खोकं फोडायला तू चाकू काढलास, एका अंगठ्याने पातं खट्कन उघडलंस आणि टेबलाभोवतीची माणसं एकदम गप्प झाली, समोरची सहकारी खुर्चीसकट मागे सरकली, हे वाचून मलाही वाईट वाटलं. तुझ्या मनात काही नव्हतं आणि त्यांचंही काही चुकलं नाही. तेव्हापासून तो चाकू ड्रॉवरमध्ये पडला आहे आणि तू विचारतोस, की चाकू जवळ बाळगायची सवयच सोडून द्यावी का. सोडू नकोस. चाकू बदल. या पत्राबरोबर एक छोटा पाठवतो आहे.

गेला आठवडाभर मी मुद्दाम लक्षात ठेवलं, की खिशातून चाकू किती वेळा आणि कशाला निघाला. खोक्यांवरची चिकटपट्टी तीनदा. बाहीचा लोंबणारा दोरा. औषधाच्या पाकिटाचा न फाटणारा कोपरा. पेन्सिलीचं टोक. केबलभोवती आवळलेली प्लास्टिकची पट्टी. अर्धं सफरचंद. मुलाच्या तळव्यात गेलेलं कुसळ, तेही चाकूच्या मुठीतल्या चिमट्याने. यातलं एकही काम साडेतीन सेंटिमीटरच्या पात्याला जड गेलं नाही. रोजच्या कामाला पात्याची लांबी फार थोडी लागते. चाकू त्या क्षणी जवळ असणं मात्र फार लागतं, आणि जवळ तोच राहतो ज्याचं ओझं वाटत नाही. तुझा मोठा चाकू खिसा ओढतो, बसताना मांडीला टोचतो, म्हणून तू तो कधी बॅगेत टाकतोस, कधी घरी ठेवतोस. हा छोटा मिटलेला असताना ५८ मिलिमीटर लांब आहे आणि वजन अवघं २१ ग्रॅम. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलास तर दोन दिवसांत त्याचा विसर पडेल.

एवढ्या लहान अंगात पातं, कात्री, कानस, चिमटा आणि दात कोरायची काडी कशी मावते, याची गोष्ट मला फार आवडते. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली कार्यशाळा काढली आणि १८९१ पासून ते सैन्याला चाकू पुरवू लागले. सैनिकांचा तो चाकू दणकट होता, पण जड. अधिकाऱ्यांसाठी हलका आणि देखणा करायचा, तर अवजारं वाढवून वजन कमी कसं ठेवायचं? त्यांनी एकाच पोलादी कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, दोन्ही बाजूंची अवजारं टेकवली. १२ जून १८९७ रोजी त्या चाकूची नोंदणी झाली. तुझ्या हातात येईल त्या छोट्या चाकूतही तीच युक्ती आहे: एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला कानस, आणि दोघांना ताणून धरणारी कमान एकच. उघडून उजेडासमोर धर, म्हणजे कमान किंचित वाकताना दिसेल. मी कितीदा तरी नुसतं तेवढंच बघत बसतो. (एल्सेनर यांच्या आईचं नाव व्हिक्टोरिया. १९०९ मध्ये ती गेल्यावर त्यांनी मालाला तिचं नाव दिलं, आणि १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद वापरात आल्यावर त्यात ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं.)

तू म्हणशील, एवढुशा पात्याने कापलं काय जाणार? उलट चांगलं कापलं जातं. तुझ्या चाकूचं पातं पाठीशी तीन-साडेतीन मिलिमीटर जाड असेल. त्याने सफरचंद कापून बघ. धार आत शिरते, पण मागची जाडी पाचरीसारखी ठोकली जाते आणि फळ कापलं न जाता तडकतं. जाड पुठ्ठ्यातही पातं तसंच अडकतं. धार कितीही तेज असली तरी तिच्यामागचं पोलाद कापलेल्या फटीतून जावंच लागतं. छोट्या चाकूचं पातं मुळातच पातळ, त्यामुळे ते अडत नाही. जाडी लागते ती ठोकायला, उचकटायला, आणि ही कामं चाकूची नव्हेतच. तुला लाकडी मुठीचा हवा असेल तर फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल बघ. तिथल्या जोसेफ ओपिनेलने तो १८९० च्या सुमारास बनवला. पातं पातळ, मूठ बीच लाकडाची, आणि मापं क्रमांकांनी. सहा क्रमांकाचं पातं सुमारे ७ सेंटिमीटर, दोन क्रमांकाचं साडेतीन. पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि पातं मुठीत घट्ट रुतून बसतं, म्हणून तो कोरडा ठेवावा लागतो. तरीही हाताला त्याच्याइतका ऊबदार चाकू मला दुसरा माहीत नाही.

आता जरा नीट वाच, कारण पुढचं तुझ्या बोटांबद्दल आहे. तुझा मोठा चाकू उघडला की खटका बसतो आणि पातं अडकून राहतं. या छोट्याला खटका नाही. पात्याच्या बुंध्याची सपाट बाजू कमानीवर दाबून बसते, एवढाच त्याचा आधार. तू धारेकडून दाब देतोस तोवर तो आधार पुरेसा आहे, कारण तो दाब पात्याला उघडं ठेवण्याच्याच दिशेने जातो. पण टोक कशात खुपसलंस, किंवा अडकलेलं पातं पाठीकडून रेटलंस, की ते मिटतं आणि वाटेत बोट असतं. माझ्या उजव्या तर्जनीवरची आडवी खूण तू पाहिली आहेस. चामड्याच्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडायला मी अशाच चाकूचं टोक दाबून फिरवत होतो. पातं मिटायला क्षणही लागला नाही, जखम भरायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मी या चाकूने फक्त ओढून कापतो, खुपसत कधीच नाही. ओपिनेलच्या सहा क्रमांकापासून पुढे मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी असते, १९५५ पासून. ती वळवली की पातं अडकतं. छोट्या क्रमांकांना ती नसते, त्यामुळे तिथेही हाच नियम पाळ.

खटका नसण्याचा एक फायदाही आहे. अनेक ठिकाणचे कायदे खटक्याच्या आणि बिनखटक्याच्या चाकूत फरक करतात. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार मिटणारा चाकू तीन इंचांपर्यंतच्या धारेचा असेल तर सार्वजनिक जागी कारण न देता बाळगता येतो. पातं उघडून खटक्याने अडकत असेल, तर तो या सवलतीत बसत नाही, मग लांबी कितीही कमी असो. तू कामासाठी सारखा फिरतोस, तर प्रत्येक ठिकाणचा नियम आधी वाचत जा. शाळा, न्यायालय, स्टेडियम अशा जागी छोटाही नेऊ नकोस. विमानात हातातल्या सामानात तर नाहीच. माझा पहिला चाकू विमानतळाच्या तपासणीत गेला. जुडग्यातला चाकू मी विसरलो होतो, आणि नियमाप्रमाणे तो टोपलीत टाकावा लागला. नऊ वर्षं जवळ होता. आता प्रवासाच्या आदल्या रात्री तो जुडग्यातून काढून उशीजवळ ठेवतो, म्हणजे सकाळी नजरेस पडतोच.

आणि माणसांत तो वापरायचा कसा, हा तुझा खरा प्रश्न. बघ, लोक दचकतात ते वेगाला, आवाजाला आणि पात्याच्या आकाराला. अंगठ्याने झटकन उघडणारा चाकू बघणाऱ्याला विचार करायला सवड देत नाही. हा नखाच्या खाचेत नख घालून दोन हातांनी सावकाश उघडावा लागतो, आणि त्या सावकाशीतच समोरच्याला कळतं, की याला काहीतरी कापायचं आहे. मी तर आधी खोकं हातात घेतो, मग चाकू काढतो. काम दिसल्याशिवाय अवजार बाहेर येत नाही. दोरा किंवा पाकीट असेल तर पातं उघडतही नाही, कात्रीच काढतो. या चाकूतली कात्री पात्याहून जास्त वापरली जाते, आणि कात्रीला कुणी भीत नाही. काम झालं की लगेच मिटायचा. उघडा चाकू टेबलावर ठेवून बोलत बसू नये. कुणी मागितला तर मिटलेलाच द्यायचा, त्याला स्वतः उघडू दे. माझ्या कचेरीत आता चिकटपट्टी दिसली की लोकच मला हाक मारतात, आणि दोघांनी मला विचारून असाच घेतलाही.

असे चाकू कधीकाळी लेखनिकांच्या दौतीशेजारी असायचे. पिसाच्या लेखणीचं टोक झिजलं की ते पुन्हा कापायला लागे. इंग्रजीत छोट्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात, ते त्यावरूनच. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी नावाचा मिटणारा चाकू तर शाळकरी मुलांच्या दप्तरात असे, पेन्सिलींसाठी. त्याला खटका नाही, कमानही नाही. दुमडलेल्या पितळी मुठीत पातं नुसत्या घट्टपणावर राहतं, आणि कापताना अंगठा मागच्या छोट्या शेपटीवर ठेवायचा, म्हणजे ते मिटत नाही.

धारेचं सांगतो. तुझ्या छोट्या चाकूचं पोलाद रॉकवेल मापावर, म्हणजे कठीणपणा मोजायच्या मापावर, ५६ च्या आसपास, म्हणजे फार कठीण नाही. धार लवकर उतरते, पण लावायलाही पाच मिनिटं पुरतात. सर्वांत जास्त धार खातो तो पुठ्ठा, विशेषतः पुनर्वापराचा, कारण त्यात बारीक खनिज कण असतात. त्यामुळे खोकं फोडताना फक्त चिकटपट्टी काप, पुठ्ठ्यात खोल शिरू नकोस. बारीक दाण्याचा दगड, म्हणजे हजार दाण्याच्या आसपासचा, पाण्याने ओला कर. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ थोडीशी उचल, पंधरा ते वीस अंशांपर्यंत, आणि दगडाचा पातळ पापुद्रा कापतो आहोत अशा बेताने पुढे सरकव. दाब हलका ठेव. कोन जमतो की नाही हे कळायला धारेवर मार्करची रेघ मार. चार फेऱ्यांनी शाई वरच राहिली तर पाठ आणखी उचल, कडेऐवजी मागची शाई गेली तरीही उचल. एका बाजूने घासत गेलास की दुसऱ्या बाजूला केसाएवढी करकरीत कड बोटाला लागते. ती पूर्ण लांबीवर लागली की बाजू बदल. शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर धार मागे ठेवून पाठीकडे आठ-दहा वेळा ओढ. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली कडसुद्धा चालते. कागद उभा धरून काप. पातं कुठे अडखळलं, तर तेवढ्याच जागी पुन्हा काम करायचं.

चिकटपट्टीचा गोंद पात्यावर साचला तर तेलाच्या थेंबाने पुसून काढ. सांध्यात धूळ आणि खिशातले तंतू भरले की कोमट पाण्यात उघडमीट कर, पूर्ण वाळव आणि सांध्याला एक थेंब तेल दे. कात्रीची बारीक कमान कधीतरी तुटेल. घाबरू नकोस, ती बदलून मिळते.

मोठा चाकू फेकू नकोस. डोंगरावर मुक्कामाला जाशील तेव्हा दोर कापायला आणि फाटे तासायला तोच हवा. तोवर त्याला ड्रॉवरमध्ये राहू दे.

छोट्याचा चिमटा काढलास की परत पूर्ण आत सारायचा, अर्धवट राहिला तर खिशात गळतो. माझा एक तसा गेला आहे. चाकू मिळाला की कळव, आणि महिनाभराने लिही, कशाकशाला निघाला ते. पाकिटाला मी चिकटपट्टी दुहेरी लावली आहे. ते उघडायला तुझा मोठा चाकूच काढ. घरात कुणी दचकणार नाही.

तुझाच,
जुना मित्र