शांत दिसणाऱ्या तिघांचे आभार

गेल्या महिन्यात बाबा रस्त्यात चालता चालता कोसळले. श्वास बंद. मी नुसती ओरडत होते. धावून आलेल्या तिघांची नावं विचारायचंही सुचलं नाही, म्हणून हे जाहीर आभार.

निळ्या शर्टातले दादा, तुम्ही बाबांच्या छातीवर दाब देत मोठ्याने मोजत होतात, शाळेत पाढे म्हणावेत तशा आवाजात. मिनिटाला १०० ते १२० दाब, तेही ५-६ सेंटीमीटर खोल द्यावे लागतात, हे मला नंतर कळलं. माणूस दोन मिनिटांत दमतो म्हणे. तुम्ही दमलात तेव्हा दुसऱ्या दादांनी ताल न मोडता जागा घेतली. आणि ताई, तुम्ही माझ्या हातातला फोन घेऊन अ‍ॅम्ब्युलन्सला पत्ता सांगितलात, मग म्हणालात, "काही होत नाही, माझ्याकडे बघा." होत होतं, आणि ते तुम्हालाही दिसत होतं.

अ‍ॅम्ब्युलन्स निघताना मागे पाहिलं. निळ्या शर्टातले दादा फुटपाथवर बसले होते. हात इतके थरथरत होते, की बाटलीचं झाकण उघडेना. म्हणजे तो सगळा आव होता तर!

बाबा घरी आलेत. कालपासून जिना चढतायत, माझं न ऐकता.