मथळ्यातला ‘भामटा’ काढावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘बसस्थानकात भामट्याने वृद्धेची पर्स लांबवली’ हा आपल्या अंकातला मथळा वाचला. इंग्रजी शिकवण्यात तीस वर्षे गेली, म्हणून या शब्दाबद्दल लिहितो.

कपड्यांना खिसे नव्हते तेव्हा इंग्रज माणूस पैशाची थैली नाडीने कमरपट्ट्याला बांधत असे. ती नाडी कापून थैली पळवणारा तो ‘कटपर्स’. पुढे खिसे आले, सुरीचे काम बोटांनी होऊ लागले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘पिकपॉकेट’ हा शब्द आला. आपल्या ‘खिसेकापू’त मात्र खिसाही आहे आणि पातेही. एसटीच्या दारातल्या रेटारेटीत एकदा माझा खिसा कापला गेला. ब्लेडची चीर इतकी सरळ होती की रफू करणाराही बघत राहिला. संस्कृतातला ‘ग्रंथिभेद’ म्हणजे वस्त्राच्या गाठीला बांधलेले पैसे काढणारा. पहिल्यांदा सापडला तर त्याची बोटे तोडावीत, असे मनुस्मृती सांगते.

हे सगळे शब्द कृत्यावरून पडले आहेत. चोरी करील त्याला ते लागू होतात, त्याच्या भावंडांना नाही. ‘भामटा’चे तसे नाही. राज्याच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे पूर्वी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, यादीतल्या १४ नावांत ‘भामटा’ आहे. ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ ही त्याच नोंदीतली नावे. ‘घंटीचोर’ हा मूळचा गंठीचोर, गाठोडे चोरणारा; म्हणजे इथे कृत्याचे नाव अख्ख्या समाजाला चिकटवले गेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची रीत घातली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण मथळ्यांतून शिक्का अजून उमटतोच आहे.

माझ्या हातूनही हे घडले आहे. आठवीच्या वर्गात ‘पिकपॉकेट’पुढे मी फळ्यावर ‘भामटा’ असा अर्थ लिहिला. दुसऱ्या बाकावरच्या मुलाने तेवढी ओळ वहीत उतरवली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना त्याचा जातीचा दाखला हातात आला, तेव्हा मला कारण कळले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘खिसेकापू’ लिहिले, पण त्याच्याशी बोलायचे धैर्य झाले नाही. ते आजही सलते.

मराठीत पाकीटमार, खिसेकापू, घरफोड्या, तोतया, लबाड असे नेमके शब्द आहेत. वृद्धेची पर्स ज्याने नेली त्याला ‘चोर’ म्हटले तरी बातमी पुरी होते. आपल्या उपसंपादकांना तेवढी सूचना द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक