आधी वीस वर्षांचा वाहतूक आराखडा, मग रुंदीकरण

मा. संपादक,
स. न.

चौकातली कोंडी आणि बंद पडलेले सिग्नल यांवर आपल्याकडे रोज बोललं जातं. मला जरा लांबचं बोलायचं आहे. सांगली, मिरज आणि कुपवाडची महापालिका 1998 मध्ये एक झाली, पण तिन्हींच्या वाहतुकीचा एकत्र विचार अजून रुजलेला नाही.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या विजयनगरचंच बघा. जिल्हाधिकारी कार्यालय तिथं गेलं, न्यायालय गेलं. त्यात काही चूक नाही, जुन्या गावात जागा होतीच कुठं? पण तासगाव-पलूसकडून एसटीने आलेला माणूस सांगली स्टँडवरून तिथं कसा पोचणार, हे इमारतीच्या नकाशाबरोबरच ठरायला हवं होतं. ते काम रिक्षावाल्यांनी केलं. सुनावणीला आलेली म्हातारी माणसं फायलीची पिशवी छातीशी धरून शेअर रिक्षात दाटीवाटीने बसतात आणि उतरल्यावर भर रहदारीत जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात.

विकास आराखड्यात रस्त्यांची रुंदी असते, आरक्षणं असतात. लोक कुठून कुठं, किती वाजता आणि कशाने जातात, याची मोजणी मात्र वेगळी करावी लागते. केंद्राच्या 2006 च्या नागरी वाहतूक धोरणानंतर सर्वंकष वाहतूक आराखडा ही कल्पना पुढे आली ती यासाठीच. नजर वीस वर्षांवर आणि दर पाच वर्षांनी दुरुस्ती.

खरी अडचण हद्दीची. 2023 मध्ये सांगली-माधवनगर रस्त्यावरचा चिंतामणीनगरचा रेल्वेपूल पाडला, तेव्हा वळसे माधवनगर-बुधगावकरांनीही घातले. ही गावं महापालिकेत नाहीत. रेल्वे, एसटी, बांधकाम खातं, एमआयडीसी, सगळ्यांचे संसार वेगळे. आणि ग्रामपंचायतीने असला अभ्यास करायचा म्हटलं, तर ग्रामसेवकाला दाखले देण्यातून सवड मिळायला हवी!

म्हणून जिल्हा नियोजन समितीने या एकत्रित वाहतूक आराखड्यासाठी निधी द्यावा आणि नगररचना विभागाने महापालिकेबरोबर आसपासच्या ग्रामपंचायतींनाही तांत्रिक मदत करावी. वाहनांची मोजणी वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं करू शकतील. पूररेषेचा नकाशा पहिल्या दिवसापासून टेबलावर हवा. 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. नवा पूल किंवा डेपो त्याकडे पाठ फिरवून आखता येणार नाही. इलेक्ट्रिक बसचे मार्गही बस दारात येण्याआधी ठरावेत. कच्चा आराखडा प्रभाग कार्यालयांत आणि ग्रामपंचायतींत मराठीतून लावावा, हरकतींना पुरेसा वेळ द्यावा.

— एक वाचक, कुपवाड