माधुरीस पत्र: वादी शाबच्या डोहांतून

मस्कत,
डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय माधुरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "वाळवंटात जाऊन पोहून आलीस म्हणजे नेमकं केलंस काय?" आणि तेवढ्यात तुझ्याकडे पाहुणे आले, बोलणं तिथंच राहिलं. म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. फोटो मुद्दाम पाठवले नाहीत. फोटोत हिरवंगार पाणी दिसतं, पण ते तिथे आलं कुठून, गावाने ते कसं जपलंय, हे काही दिसत नाही. आणि मला तुला तेच सांगायचंय.

आम्ही गेलो होतो वादी शाबला. मस्कतहून सूरकडे जाणारा हमरस्ता धरला की साधारण दीडशे किलोमीटरवर तिवी नावाचं गाव लागतं. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला पूर्व हजर डोंगर. डोंगरावर झाड म्हणून औषधालाही नाही, नुसता भाजलेला दगड. अंधार असतानाच निघालो, कुरियातच्या अलीकडे एका मल्याळी माणसाच्या टपरीवर करक चहा आणि पराठा खाल्ला. पराठ्यात चीज लावून वर 'चिप्स ओमान'चा चुरा घालून देतात, तू नाक मुरडशील, पण थंडीत गरमागरम फार छान लागतं.

वादी म्हणजे पावसात वाहणाऱ्या नदीची दरी. एरवी बहुतेक वाद्या कोरड्या ठाक असतात, गोटे आणि वाळू. शाबमध्ये मात्र बारा महिने पाणी असतं. हमरस्त्याच्या उंच पुलाखाली दरीचं तोंड आहे आणि तिथेच पहिला डोह आडवा येतो. तो पायी ओलांडता येत नाही, गावकऱ्यांच्या छोट्या होड्या आहेत, जाऊन-येऊन माणशी एक रियाल. जेमतेम दोन मिनिटांचा प्रवास. पण पलीकडे उतरलं की मागचा हमरस्ता, गाड्या, समुद्र सगळं नाहीसं होतं. दोन्ही बाजूंनी उभे कडे आणि मधोमध खजुराची आणि केळीची बाग.

वाटाड्या घ्यायची सक्ती नाही, कितीतरी लोक आपले आपण जातात. पण मी घेतेच, आणि तुलाही घ्यायला लावणार आहे. आमचा वाटाड्या तिवीचाच, तिशीच्या आतबाहेरचा. हिंदी झकास बोलतो, इथे बऱ्याच ओमानी लोकांना येते. होडीत बसायच्या आधी त्याने प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारलं, "पोहता येतं का? खोल पाण्यात घाबरायला होतं का? खरं सांगा." आमच्यातल्या एका वहिनींनी सांगून टाकलं की पाय टेकले नाहीत की त्यांना धाप लागते. तो म्हणाला, "मग तुम्ही दिवसभर माझ्या मागे." आणि खरोखरच दिवसभर त्याने त्यांच्यावरची नजर काढली नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे त्याने स्वतः ओढून पाहिले. मग फोनवर डोंगरातल्या कुणाशी तरी बोलला. वर पाऊस नाही ना, एवढंच विचारायला. आमच्या डोक्यावर तर आभाळ निळंशार होतं!

हे मला आधी कळलंच नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. या डोंगरांवर माती जवळजवळ नाही, झाडी नाही. पाऊस पडला की मुरायला फारसा वाव नसतो, बहुतेक पाणी एकदम दरीत उतरतं. वीस-तीस किलोमीटर आत पाऊस पडतो आणि इथे ऊन असताना लोंढा येतो. एप्रिल २०२४ मध्ये अशाच पुरात शाळेची मुलं वाहून गेली, तेव्हा देशभर सगळे सुन्न होते. वाहत्या वादीत जाणूनबुजून गाडी घातली तर इथे कायद्याने शिक्षा आहे. वाटाड्याने चालता चालता बोट वर करून दाखवलं, आमच्या डोक्याच्या पुष्कळ वर, कड्याच्या खाचेत वाळक्या झावळ्या आणि काटक्या अडकल्या होत्या. त्या तिथे कुणी ठेवलेल्या नव्हत्या, पाण्याने नेऊन खोचल्या होत्या. तो लहान असताना, जून २००७ मध्ये, गोनू वादळ आलं. या किनाऱ्यावरचे रस्ते तेव्हा वाहून गेले होते. "पाणी गढूळ दिसलं, त्यात काड्या तरंगताना दिसल्या, की सामान टाकायचं आणि वर चढायचं. विचार नंतर करायचा," असं त्याने आम्हा सगळ्यांकडून वदवून घेतलं.

वाट पाऊण-एक तासाची आहे. आधी बागेतून, मग कड्याला धरून, मग मोठमोठ्या गुळगुळीत धोंड्यांवरून. तुझ्या गुडघ्यांचं म्हणशील तर चढ फारसा नाही, धोंड्यांवर तेवढं जपावं लागतं. काही ठिकाणी वाट म्हणजे पाटाचाच काठ. हो, पाट! इथे त्याला फलज म्हणतात. वर वादीतून पाणी उचलून, कड्याच्या अंगाअंगाने, अगदी हलका उतार देत ते खालच्या खजुरांपर्यंत आणलेलं. मी खाली बसून हात घातला त्यात. वीतभर खोल, थंड, आणि इतक्या सावकाश चाललेलं की वाळकं पान टाकलं तर त्याच्याबरोबर आपण रमतगमत चालू शकतो. ओमानात असे तीनेक हजार फलज अजून वापरात आहेत, त्यातले पाच युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा यादीत घेतले. पाणी वेळेने वाटून घेतात. कुणाच्या बागेला किती वेळ, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजत.

माधुरी, मला तिथे तुझे आजोबा आठवले. साक्रीला पांझरेवरचा तो बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि फडाच्या पाण्याची पाळी चुकली म्हणून पाटकऱ्याशी तावातावाने बोलणारे आजोबा. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी आपल्या हाताने फोडायचं नाही, पाटकरी देईल तेव्हाच. मला लहानपणी तो सगळा जाच वाटायचा. पाणी समोरून वाहतंय आणि आपण बघत बसायचं! इथे वाटाड्याला मी फडाबद्दल सांगितलं तर तो थांबलाच. खोदून खोदून विचारत राहिला, भांडण झालं तर कोण सोडवतं, उन्हाळ्यात पाणी कमी झालं तर कुणाचं आधी तोडतात. त्यांच्याकडे फलजचा हिशेब ठेवणारा माणूस असतो, त्याला वकील म्हणतात. पर्यटक साबण लावून वरच्या डोहात उतरतात तेव्हा आपल्याला किती वाईट वाटतं, हे वाटाड्या फार कळकळीने सांगत होता. हेच पाणी पुढे त्याच्या आईच्या केळींना जातं.

वाट संपते तिथे पोहणं सुरू होतं. पिशव्या तिथल्या खडकावर ठेवायच्या. कपडे अंगभर हवेत, वाटेत गाव आहे, लोकांची घरं-बागा आहेत. मी लांब बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि लेगिंग घातली होती, पायात रबरी तळव्याचे बूट. बूट काढायचे नाहीत, तळाला धारदार दगड आहेत.

पोहायच्या पहिल्या डोहात कमरेएवढं पाणी. उभी राहिले तर पायाशी बारीक करडे मासे गोळा झाले. गारा जातीचे, या डोंगरांतल्या ओढ्यांत राहणारे. पायाची मेलेली कातडी कुरतडतात. शहरात यासाठी लोक पैसे मोजतात, इथे नुसतं उभं राहायचं. आधी शिरशिरी येते, मग बरं वाटतं.

त्यानंतर पाय टेकेनासे होतात. एक डोह संपला की धोंड्यांवरून चढायचं, पलीकडे पुढचा. कडे जवळ जवळ येत जातात. पाण्याचा रंग मला अजून नीट सांगता येत नाही. तळाला पांढरट चुनखडी असल्याने उन्हाचा तुकडा पडला की खालपर्यंत दिसतं. आपण भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीत गेलो होतो ते आठवतं ना, काळ्या कातळाच्या त्या फटीत छातीभर पाण्यातून डोक्यावर पिशव्या धरून? तसंच अरुंद, पण तिथे सगळं काळं, थंड, अंगावर येणारं. इथे दगड स्वतःच उजेड देतोय असं वाटतं. आपला बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि हा चुनखडक त्यानंतर समुद्राच्या तळाशी साचलेला, पुढे वर उचलला गेलेला. वरच्या सलमा पठारावर पडलेलं पाणी या दगडाच्या चिरांतून झिरपत, त्याला विरघळवत खाली येतं. त्याच पठाराच्या पोटात मजलिस अल जिन नावाची एक अवाढव्य गुहा आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या गुहा-दालनांपैकी एक. ती बाहेरच्या जगाला १९८३ साली कळली. पाण्याने आतून डोंगर कसा पोखरलाय बघ. दरवर्षीचा पाऊस नगण्य, पण दगड ते थोडकं पाणी साठवून हळूहळू सोडत राहतो, म्हणून उन्हाळ्यातही डोह भरलेले.

आता शेवटच्या डोहाचं सांगते. टोकाला दोन्ही कडे इतके जवळ येतात की पाण्यावर फक्त डोकं जाईल एवढी फट उरते. वाटाड्या म्हणाला, हनुवटी वर, तोंड बंद, नाकाने श्वास, पाय हळू हलवायचे. तो आधी गेला आणि पलीकडून हाक देत राहिला. मी शिरले. दोन्ही कानांना दगड लागत होता, गार आणि शेवाळाने मऊ. डोकं वळवायला जागा नाही. खाली पाहिलं तर पाय खोल हिरव्या उजेडात लोंबकळतायत आणि तळ कुठेच नाही. माझाच श्वास मला दगडावरून परत ऐकू येत होता. हाताने कडा धरून, थोडं थोडं सरकत राहिले. मग एकदम कानावर धबधब्याचा आवाज आदळला आणि दगड बाजूला झाले.

आत गुहा आहे. छताच्या भोकातून उन्हाचा झोत पाण्यात उतरलेला, एका अंगाने धबधबा कोसळतोय, आवाजाने काही बोलता येत नाही. धबधब्याशी एक दोर बांधलाय, तरुण पोरं त्याला धरून वर चढतात आणि उड्या मारतात. २०१२ साली उंच कड्यांवरून उड्या मारण्याच्या जागतिक मालिकेची शेवटची फेरी याच दरीत झाली होती, त्यामुळे पोरांना भारी उत्साह. मी कपारीला धरून तरंगत राहिले. आणि मागून कोण आलं असेल? पाय टेकले नाहीत की धाप लागणाऱ्या त्या वहिनी! वाटाड्याने परत बाहेर जाऊन त्यांना आणलं होतं, पूर्ण वेळ एक हात त्यांच्या जॅकेटच्या पट्ट्याला. त्या आत आल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या, मग हसायला. मीही रडले. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?

माधुरी, तुझ्या आजोबांच्या मळ्यातल्या विहिरीत आपण पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो. तू माझ्या आधी शिकलीस. मला सूर मारायला तूच लावलंस. आणि भाऊ गेल्यापासून तू पाण्यात उतरलेली नाहीस, तेही मला ठाऊक आहे. नदीने माणूस नेल्यावर नदीवर विश्वास ठेव असं मी तुला कधी म्हणणार नाही. पाण्यावर विश्वास ठेवू नकोसच. तो वाटाड्याही ठेवत नाही, म्हणून तर त्याने निळ्या आभाळाखाली उभं राहून डोंगरात फोन केला. पण अशा माणसाबरोबर तू उतरावंस असं मला फार मनापासून वाटतं. पहिल्या डोहात, कमरेएवढ्या पाण्यात, मासे पायाशी येईपर्यंत उभी राहा. तिथून पुढे यायचं की नाही, तुझं तू ठरव. पुढे नाही आलीस तर मी तुझ्याबरोबर तिथेच थांबेन, आणि गुहा परत बघायची राहिली म्हणून मला तिळमात्र वाईट वाटणार नाही.

ऑक्टोबर ते मार्च दिवस चांगले. शुक्रवार-शनिवार सुट्टीचे, तेव्हा फार गर्दी होते, म्हणून मधलाच वार धरू. तिथून सूरच्या दिशेने पुढे कल्हातला बीबी मरियमची कबर दाखवीन. कल्हात हे जुनं बंदर होतं, प्रवासी इब्न बतूता तिथे येऊन गेलाय. वेळ उरला तर सूरला लाकडी गलबतं बांधायचा कारखाना आहे, एके काळी त्यांना सागवान आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून यायचं. पण हे सगळं वेळ उरला तर.

जानेवारीची तारीख मला लवकर कळव. तो वाटाड्या एका वेळी थोडीच माणसं नेतो, आधी सांगून ठेवावं लागतं. व्हिसाचं मी बघते. येताना जुने, घट्ट बसणारे कापडी बूट आण, चपला नकोत. आणि मिरचीचा ठेचा. इथे मिळतो त्याला काही चव नाही.

आईंना माझा नमस्कार. मुलीला सांग, मावशीने तिच्यासाठी खजूर घेऊन ठेवलाय, तिवीच्याच बागेतला.

तुझी,
शैला