बालविभागाची किल्ली रजेवर

संपादक महोदय,

सुट्टीला आलेल्या सहावीतल्या नातवाबरोबर प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' पुन्हा वाचलं. पहिली दहा पानं तो कुरकुरला, मग त्यातल्या लंपन नावाच्या मुलाची कानडी वळणाची मराठी अशी तोंडी बसली, की आता ताकसुद्धा 'मॅडसारखं आंबट'! मला यावेळी लंपनपेक्षा त्याला आजीकडे ठेवणारी आई जास्त दिसली. चाळिशीत वाचताना तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

संत आमच्या कराडातच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. पण लंपनचंच पुढचं पुस्तक 'शारदा संगीत' आणायला आम्ही दोघं वाचनालयात गेलो, तर बालविभागाचं कपाट बंद. किल्लीवाले रजेवर, सोमवारी या म्हणे. नातू रविवारी पुण्याला परततोय. निदान मे महिन्यात तरी ते कपाट उघडं ठेवा.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड